भीड, उद्धटपणा आणि मधली वाट

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं पालकांपुढें चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, आणि विषयही नेमून देण्यांत आला. मुलांनीं आपलें म्हणणें न भितां व न भांडतां कसें मांडावें, आणि त्या कामीं आईबापांनीं त्यांस पाठबळ कसें द्यावें, हा तो विषय. तो ऐकतांच आपल्यांतील कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं भुंवया उंचावल्या. हल्लींचीं मुलें आधींच फार बोलतात, त्यांस आणखी बोलावयास शिकविण्याची काय गरज, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे आणि त्यास आडवळणानें उत्तर देणें बरें नव्हे. घरीं आईशीं तासभर हुज्जत घालणारा मुलगा, शाळेंत कोणी त्याचा डबा हिसकावून घेतला तर पुष्कळदां मुकाट्यानें उपाशी बसतो. जिचें तोंड घरांत दिवसभर मिटत नाहीं अशी मुलगी, दुकानदारानें दहा रुपये कमी परत दिले तर तशीच घरीं येते, आणि कारण विचारलें तर रडूं लागते. बोलणें उदंड, पण जेथें बोलावयाचें तेथें वाचा बसलेली! तेव्हां आम्ही ज्या गुणाविषयीं बोलणार आहों तो वाचाळपणा नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

या गुणास इंग्रजींत असर्टिव्हनेस म्हणतात. मराठींत कोणी खंबीरपणा म्हणतात, कोणी ठामपणा. आम्हांस यांपैकीं एकही शब्द पुरता पटत नाहीं, कारण त्यांत नम्रतेचा अंश दिसत नाहीं. परंतु ज्या दुखण्यावर हा गुण उतारा आहे त्या दुखण्यास आपल्या भाषेंत अगदीं नेमका शब्द आहे, तो म्हणजे भीड. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वाडवडील म्हणून गेले. भिडस्त माणूस नको तेथें जामीन राहतो, परवडत नसतां आहेर करतो, आणि मग घरीं येऊन बायकोमुलांवर डाफरतो. मुलांचेंही तसेंच.

एक साधें उदाहरण घेऊं. पांचवीच्या वर्गांत शेजारच्या मुलानें न विचारतां कंपासपेटी उचलली. एक मुलगा गप्प बसेल, आणि त्याची भूमिति तशीच राहील. दुसरा पेटी ओढून घेऊन पाठींत गुद्दा घालील. तिसरा म्हणेल, "ती माझी पेटी आहे. मला आतां लागणार आहे, परत दे. उद्यां विचारून घेतलीस तर देईन." या तिसऱ्यानें स्वतःचा हक्क सोडला नाहीं आणि शेजाऱ्याचा मानही घालविला नाहीं. ही ती मधली वाट. दिसावयास सोपी, पण दहा वर्षांच्या मुलाला ती आपण होऊन क्वचितच सांपडते. ती दाखवावी लागते, आणि तिच्यावरून अनेकवार चालवून आणावें लागतें.

या गोष्टीचा शास्त्रीय विचार फार जुना नाहीं. अमेरिकेंत अँड्र्यू सॉल्टर यांनीं १९४९ सालीं आपल्या पुस्तकांत, मनांत कोंडलेल्या भावना मोकळेपणें बोलून दाखविण्याचा सराव हा एक उपचार म्हणून मांडला. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ सालीं त्यास पद्धतशीर रूप दिलें. भय आणि निश्चयाचें बोलणें हीं दोन्हीं एकाच क्षणीं मनांत सुखानें नांदूं शकत नाहींत, म्हणून सोप्या प्रसंगापासून आरंभ करून एकाचा सराव वाढवीत नेला कीं दुसरें मागें हटतें, असें त्यांचें म्हणणें. १९७० सालीं रॉबर्ट आल्बर्टी व मायकेल एमन्स यांच्या पुस्तकानें हा विषय दवाखान्यांतून सामान्य कुटुंबांत आणला. आरंभीं हें सारें मोठ्या माणसांसाठीं होतें. मुलांस तें लवकर शिकवावें, म्हणजे मोठेपणीं दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाहीं, हा विचार मागाहून आला.

आतां खरी अडचण. आपण कॅथोलिक घरांतील माणसें. आईबापांचा मान राखावा ही चौथी आज्ञा लहानपणीं आपल्याकडून पाठ करून घेतलेली असते. मग मुलाला "नाहीं" म्हणावयास शिकविणें हें त्या आज्ञेविरुद्ध नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथांत मुलांच्या आज्ञापालनाविषयीं स्पष्ट लिहिलें आहे, आणि त्याच ठिकाणीं त्याची मर्यादाही घालून दिली आहे. एखादी आज्ञा पाळणें नीतीस सोडून होईल अशी मुलाच्या सदसद्विवेकाची खात्री झाली असेल, तर त्यानें ती पाळूं नये. ज्या मुलाला कधींच "नाहीं" म्हणूं दिलें नाहीं, तें या मर्यादेपर्यंत पोहोंचलें तरी तेथें उभें कसें राहणार?

याच संदर्भांत संत लूकच्या शुभवर्तमानांतील एक प्रसंग आम्हांस नेहमीं विचार करावयास लावतो. बारा वर्षांचा बाळ येशू यरुशलेमच्या मंदिरांत मागें राहतो आणि तीन दिवसांनीं आईबापांस सांपडतो. तेथें तो शास्त्र्यांमध्यें बसून त्यांचें ऐकतो आहे आणि त्यांस प्रश्नही विचारतो आहे. वडीलधाऱ्यांस प्रश्न विचारणें हा अपराध मानलेला नाहीं. पण आम्हांस अधिक शिकण्यासारखें वाटतें तें मरियामातेचें बोलणें. तीन दिवसांची काळजी, पायपीट, आणि एवढें होऊनही ती मुलाला नांवें ठेवीत नाहीं. तूं असें कां केलेंस, एवढें ती विचारते, आणि आम्ही दोघें किती काळजीनें तुला शोधीत होतों हें सांगते. मुलगाही उत्तर देतो, तें त्यांस पूर्ण उमगत नाहीं, तरी त्यास कोणी गप्प करीत नाहीं. आणि मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेंत राहतो. प्रश्न, उत्तर आणि आज्ञापालन हीं तिन्हीं एकाच घरांत नांदतात.

अमेरिकेंतील थॉमस गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनीं १९६२ सालीं कॅलिफोर्नियांत पालकांसाठीं एक वर्ग सुरू केला आणि १९७० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. त्यांचा एक मुख्य धडा नेमका हाच. "तूं बेजबाबदार आहेस, तूं आळशी आहेस" अशीं तूं-तूं करणारीं वाक्यें सोडावीं आणि "तूं सांगितल्यावेळीं आला नाहींस म्हणजे मला फार काळजी वाटते" अशीं, स्वतःच्या मनाची स्थिति सांगणारीं वाक्यें बोलावीं. मुलाला ठामपणा शिकविण्याची पहिली पायरी म्हणजे आपण त्याच्याशीं असें बोलणें. जें वाक्य त्यानें आपल्या तोंडून ऐकलें नाहीं, तें तो वर्गांत कोठून काढणार?

बर्कली येथील डायना बॉमरिंड यांनीं साठच्या दशकांत लहान मुलांच्या घरांचें निरीक्षण करून आईबापांचे तीन प्रकार सांगितले. केवळ हुकूम सोडणारे, मुलांस मोकाट सोडणारे, आणि नियम घालून देऊन त्यांचें कारण सांगणारे व मुलाचेंही ऐकणारे. तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुलें अधिक स्वावलंबी व संयमी आढळलीं. हीं निरीक्षणें बहुतांशीं तेथील मध्यमवर्गीय घरांचीं होतीं, म्हणून आम्ही तीं जशीच्या तशीं आपल्या वाडींतील एकत्र कुटुंबास लावूं इच्छीत नाहीं. आपल्याकडे आजी, काका, आत्या अशीं दहा माणसें एकाच मुलाला वाढवितात. परंतु नियमाचें कारण सांगण्यास कोणत्याही देशांत पैसे पडत नाहींत.

मग शिकवावयाचें कसें? व्याख्यानानें नव्हे, हें येथें उभें राहून सांगणें जरा विचित्रच! सरावानें. आणि त्याआधीं एक संवय मोडावी लागते, ती म्हणजे मुलाच्या वतीनें बोलण्याची. पाहुणे विचारतात, "बाळ, नांव काय तुझें?" आणि उत्तर आई देते. डॉक्टर विचारतात कोठें दुखतें, सांगतो बाप. सात वर्षांच्या मुलाला आपलें पोट कोठें दुखतें हें आईपेक्षां अधिक ठाऊक असतें. तेथें थोडें थांबावें. मूल अडखळेल, बोट तोंडांत घालील, आईच्या पदराआड जाईल. तरी दहा आंकडे मनांत मोजावे आणि मग बोलावें. पुष्कळदां सहाव्या आंकड्याला उत्तर येतें. त्याचप्रमाणें वाण्याच्या दुकानीं त्यास पुढें करावें, सुटे पैसे त्यासच मोजून घेऊं द्यावे. ग्रंथालयांत पुस्तक त्यानेंच मागावें. चुकीची वस्तु आली तर परत देण्यास त्यासच पाठवावें, आपण दोन पावलें मागें उभें राहावें. हें दोन पावलांचें अंतर फार महत्त्वाचें आहे. शेजारीं उभें राहिलें तर मूल आपल्याकडे पाहतें, आणि घरींच थांबलें तर त्यास एकटें पडल्यासारखें वाटतें.

अवघड प्रसंगासाठीं घरींच नाटक करावें. उत्सवाला नाटक बसवितांना आपण मुलांकडून किती तालमी करून घेतों! तशीच तालीम. बाबांनीं त्रास देणारा मुलगा व्हावें, मुलीनें स्वतःची भूमिका करावी, मग अदलाबदल. वाक्य लहान असावें. काय घडलें, मला त्याचें काय वाटतें, आणि मला काय हवें, एवढें त्यांत आलें म्हणजे पुरे. "तूं मला त्या नांवानें हांक मारतोस तें मला आवडत नाहीं. माझें नांव घेऊन बोलाव." समोरचा हंसला, वाद घालूं लागला, तर नवें कारण शोधीत बसूं नये, तेंच वाक्य त्याच सुरांत पुन्हां म्हणावें. मॅन्युएल स्मिथ या अमेरिकन लेखकानें १९७५ सालच्या आपल्या पुस्तकांत या युक्तीस अडकलेल्या तबकडीची उपमा दिली. ज्या घरांत ग्रामोफोन होता तेथील आजोबांस ती अधिक समजावून सांगावयास नको. आवाज चढवावा लागत नाहीं, पण तो जमिनीकडे पाहून निघतां कामा नये. डोळ्यांस डोळा भिडविण्याविषयीं मात्र आम्ही परदेशीं पुस्तकांशीं सहमत नाहीं. आपल्याकडे वडिलांच्या डोळ्यांत रोखून पाहणें उर्मटपणाचें समजतात. मुलांस मोठ्यांच्या कपाळाकडे अगर हनुवटीकडे पाहून बोलावयास सांगावें, काम भागतें.

तालमीनंतर खरा प्रसंग येतो आणि बहुधा पहिल्या खेपेस फसतो. मूल घरीं येऊन म्हणतें, "मीं सांगितलें, तरी त्यानें पेटी दिली नाहीं." येथें पुष्कळ आईबाप निकालाकडे पाहतात. आमच्या मतें पाहावयाचें तें मुलानें उच्चारलेल्या वाक्याकडे. "तूं सांगितलेंस ना? कसें सांगितलेंस तें मला पुन्हां म्हणून दाखव." त्याच्या प्रयत्नाचें कौतुक झालें तर तो उद्यां पुन्हां बोलेल. पेटी कदाचित् परवां मिळेल.

येथें आईबापांच्या स्वतःच्या वागण्याविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं. स्टॅनफर्ड येथें अल्बर्ट बांडुरा यांनीं १९६१ सालीं लहान मुलांवर प्रयोग केला. मोठें माणूस बाहुलीला बडवितांना ज्या मुलांनीं पाहिलें, त्यांनीं स्वतःही ती तशीच बडविली. मुलें पाहून शिकतात हें सांगण्यास प्रयोगाची गरज नव्हती असें कोणी म्हणेल, पण आपण वागतों तर तें ठाऊक नसल्यासारखें! जो बाप कचेरींत साहेबापुढें मान खालीं घालतो आणि घरीं येऊन ताट भिरकावतो, त्याच्या मुलास भीड आणि उद्धटपणा या दोहोंचें शिक्षण एकाच दिवसांत मिळतें. आणि मुलींची गोष्ट तर निराळीच. भावाला "उत्तर दे, गप्प काय बसलास" म्हणावयाचें, आणि बहिणीला "सोसून घे, उद्यां परक्या घरीं जायचें आहे" म्हणावयाचें. तीच मुलगी पुढें विरारच्या गाडीनें कॉलेजांत वा नोकरीवर जाते. गर्दींत कोणी अंगचटीस आला तर ओरडण्याचें बळ तिनें त्या सकाळीं कोठून आणावयाचें? सोसण्याचा धडा आपणच तिला दिलेला असतो. आम्हांस हा दुजाभाव अत्यंत अन्यायाचा वाटतो.

यावरून आम्ही या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे येतों. उत्सवाच्या दिवशीं हें बोलावें कीं नाहीं याचा आम्हीं विचार केला, आणि बोलावें असेंच ठरविलें. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस विचारण्यांत आलें होतें. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनीं एक ना एक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. सुमारें निम्म्या प्रसंगीं अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा वा विश्वासाचा माणूस होता, आणि बहुसंख्य मुलांनीं ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. भीड केवळ कंपासपेटीपुरती राहत नाहीं ती अशी.

म्हणून पाहुण्यांच्या मांडीवर बसण्याची, काकांस मुका देण्याची सक्ती मुलांवर करूं नये. हात जोडून नमस्कार केला तरी आदर पोंचतो. आपलें शरीर आपलें आहे, नकोसा स्पर्श कोणाचाही असला तरी "नाहीं" म्हणून तेथून निघून यावें आणि घरीं सांगावें, हें मुलाला तीनचार वर्षांपासून साध्या शब्दांत शिकवावें. कोणाचाही, म्हणजे खरोखरच कोणाचाही. नातेवाईक, शिक्षक, शिकवणीचे मास्तर, आणि धर्मगुरु वा धर्मभगिनीसुद्धां. हें देवळाच्या आवारांत बोलण्यांत कोणाचा अनादर नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं मे २०१९ मध्यें काढलेल्या 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' या आज्ञापत्रानें, अशा प्रकाराची माहिती मिळालेल्या धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर ती वरिष्ठांस कळविण्याचें बंधन घातलें, आणि देशाच्या कायद्यानें सांगितलेलीं कर्तव्यें तशींच कायम ठेविलीं. आपल्या देशांत १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो नांवाचा कायदा लागू आहे. असा गुन्हा घडल्याचें ज्यास कळलें त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविणें त्या कायद्यानें सक्तीचें आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं अगर त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं घ्यावा, घेणाऱ्या पोलिसानें गणवेश घालूं नये, आणि शक्यतों ती महिला अधिकारी असावी, अशीही तरतूद त्यांत आहे. तेव्हां चौकीच्या भयानें गप्प बसण्याचें कारण नाहीं. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा क्रमांक आहे, तो मुलांकडून पाठ करून घ्यावा.

मात्र एका गोष्टीची गफलत होऊं देऊं नये. मुलाला "नाहीं" म्हणतां आलें नाहीं, तर दोष मुलाचा नव्हे. भयानें शरीर थिजतें, आवाज फुटत नाहीं. धट्ट्याकट्ट्या माणसांचेंही असें होतें. अत्याचार टाळण्याचा भार कोंवळ्या पोरावर टाकून मोठ्यांनीं मोकळें होणें हा दुसरा अन्याय. म्हणून मूल येऊन सांगेल तेव्हां "तूं ओरडली कां नाहींस?" हा प्रश्न तोंडांतून निघतां कामा नये. "तूं सांगितलेंस हें फार चांगलें केलेंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे," एवढें आधीं म्हणावें. बाकीचें मोठ्यांचें काम.

त्याचप्रमाणें टोळी करून छळणाऱ्या मुलांपुढें एकट्या मुलाचा ठामपणा पुरत नाहीं. नॉर्वेंत १९८३ सालापासून डान ओल्व्हेउस यांनीं शाळांतून जो उपक्रम चालविला, त्यांत सारी शाळा, शिक्षक व पालक यांस कामास लावलें होतें, तें याचसाठीं. मुलाला दोनतीनदां बोलूनही त्रास थांबला नाहीं, तर पालकांनीं स्वतः शाळेंत जावें, आणि तेथें जातांना त्यानें काय काय करून पाहिलें तें त्याच्याच तोंडून सांगूं द्यावें. आणि कोणी चाकू दाखवून मोबाईल मागितला, तर ठामपणा गुंडाळून ठेवून मोबाईल द्यावा, हेंही मुलांस सांगून ठेवावें.

एक प्रश्न उरतो, तो बहुतेक बाप मनांतल्या मनांत विचारीत असतील. हें शस्त्र मुलानें आमच्यावरच चालविलें तर? चालवील, खात्रीनें चालवील. मुलांशीं संबंधित बाबींत त्यांचें मत ऐकून घेतलें जावें, हा हक्क संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ सालच्या बालहक्कांच्या करारांत नमूद आहे, आणि आपल्या देशानें तो करार १९९२ सालीं मान्य केला. परंतु मत ऐकणें म्हणजे दर वेळीं तें मान्य करणें नव्हे. रात्रीं दहाला दिवा मालवावयाचा कीं नाहीं यावर घरांत मतदान होत नसतें. "तुझें म्हणणें मीं ऐकलें, तुला राग आला हेंही दिसतें, पण दिवा मालवायचा आहे," असें म्हणतां येतें. उलट एखाद्या वेळीं मुलाचें कारण खरोखर पटण्यासारखें असतें. तेव्हां आपला हुकूम मागें घ्यावा, आणि तो कां घेतला तेंही सांगावें.

शेवटीं लाजाळू मुलांविषयीं. कांहीं मुलें स्वभावतःच मितभाषी असतात आणि तो रोग नव्हे. त्यांस चार माणसांत पुढें ढकलून "बोल ना, जीभ गिळलीस काय?" म्हणणें याइतका वाईट उपाय नाहीं. अशा मुलांनीं मोठ्यानें बोललेंच पाहिजे असें नाहीं. कांहीं घरांत आईची व मुलीची मिळून एक वही असते. जें तोंडानें निघत नाहीं तें मुलगी रात्रीं वहींत लिहिते आणि वही आईच्या उशीखालीं ठेवते. आईनें त्याचें उत्तर सकाळच्या आंत वहींतच लिहावयाचें, आणि त्यांतील मजकूर जेवतांना काढावयाचा नाहीं, एवढाच नियम. ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं महोत्सव आटोपल्यावर बाजारांतून एक दोनशेपानी वही आणावी. कोणत्या रंगाची, तें मात्र मुलीलाच विचारावें.